पंपावरचा आकडा : चोवीस तासांचा घटनाक्रम

ॲमिओडॅरोन हे हृदयाचे बिघडलेले ठोके ताळ्यावर आणणारे औषध. त्याच्या इंजेक्शनच्या अमेरिकेतल्या अधिकृत माहितीपत्रकात दोन रुग्णांची नोंद आहे. एकाचे वय २८, दुसऱ्याचे ६०. दोघांच्याही हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडली होती. दोघांनाही सुरुवातीलाच ५ तासांत १५०० मिलिग्रॅम औषध शिरेतून दिले गेले. शिफारस केलेल्या गतीपेक्षा हे कितीतरी जास्त. २४ तासांच्या आत दोघांचे यकृत आणि मूत्रपिंडे निकामी झाली. साठ वर्षांचा रुग्ण चौथ्या दिवशी गेला, अठ्ठावीस वर्षांचा चौदाव्या दिवशी.

ते चोवीस तास मी इथे मीरा-भाईंदरच्या घड्याळावर मांडतो आहे. रुग्ण कल्पित आहे : भाईंदर पूर्वेच्या, साठीतल्या एक बाई. नर्सिंग होमही कल्पित, आणि पंपावरची चूकही मीच कल्पिलेली. मात्र औषधाचे हिशेब आणि शरीरात एकामागून एक काय बिघडत जाते तो क्रम, हे वैद्यकीय नोंदींतले आहे. इथेच का मांडायचे? कारण आपल्या शहरात छोट्या छोट्या आयसीयूंमध्ये हे औषध रोज वापरले जाते. बाहेर बाकावर बसलेल्या घरच्यांना मात्र ‘ठोक्यांचं इंजेक्शन चालू आहे’ यापलीकडे काही कळत नाही. त्यांच्या हातात काय काय असते, हे या रात्रीतून दिसावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

संध्याकाळी ७.३०

पोळ्या लाटता लाटता बाईंच्या छातीत धडधड सुरू होते. सून मनगट धरून बघते. ठोके नुसते जोरात नाहीत, आडवेतिडवे पडताहेत : दोन लगोलग, मग खंड, मग तीन. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता, असे बाई अधूनमधून सांगत. त्या तापाने हृदयाची झडप आकसते, वरचा कप्पा फुगतो आणि पुढे कधीतरी त्याची लय सुटते. भारतात ही कहाणी अजून सापडते. मुलगा लोकलमध्ये आहे, बोरिवलीच्या पुढे. सून शेजाऱ्यांना हाक मारून रिक्षा काढते.

रात्री ८.१५

ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन. ठोके मिनिटाला १५०, बीपी ११० वर ७०. बाई बोलताहेत, पाणी मागताहेत. रक्त तपासायला जाते : हिमोग्लोबिन, साखर, क्रिएटिनिन. यकृताची तपासणी, एलएफटी, ‘सकाळी पाठवू’ म्हणून राहते.

या रात्रीतली पहिली चूक ही, आणि तिला पैसेही फारसे लागले नसते. हे औषध सुरू करण्याआधी एसजीओटी-एसजीपीटी किती होते, हे कागदावर असलेच पाहिजे. तो कागद नसेल तर उद्या आकडा हजारांत गेल्यावर कोणीही म्हणू शकते की यकृत आधीपासूनच खराब असेल.

दुसरी गोष्ट घाईची. हृदयाच्या खालच्या कप्प्यांची लय सुटली तर मिनिटांचा प्रश्न असतो, आणि शिरेतल्या ॲमिओडॅरोनला अमेरिकेत मान्यता आहे ती अशाच जीवघेण्या लयींसाठी. वरच्या कप्प्यांसाठी ते जगभर वापरले जाते, योग्य रुग्णात ते बरोबरही असते. पण बीपी टिकून असलेल्या, बोलणाऱ्या रुग्णात ठोके उतरवायला बीटा ब्लॉकर किंवा डिल्टियाझेमही असते. बीपी कोसळले तर विजेचा झटका देऊन लय सरळ करता येते. माहितीपत्रकातले दोघेही वरच्या कप्प्यांचे रुग्ण होते. त्यांच्या बाबतीत एवढ्या वेगाने औषध देण्याजोगे काय होते, हा प्रश्न ती नोंद वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही.

रात्री ९.०० : तास शून्य

ॲम्प्यूल फुटते. ३ मिलिलिटर, फिकट पिवळसर. त्यात औषध १५० मिलिग्रॅम. ॲमिओडॅरोन पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून रूढ इंजेक्शनात ते विरघळवायला पॉलिसॉर्बेट ८० नावाचा साबणासारखा पदार्थ घालतात. तो किती? दर मिलिलिटरमागे १०० मिलिग्रॅम. म्हणजे त्या छोट्या ॲम्प्यूलमध्ये औषधाच्या दुप्पट वजनाचा विद्रावक असतो. शिवाय थोडे बेन्झिल अल्कोहोल.

मूळ औषधाचा इतिहास मोठा आहे. इजिप्तमध्ये खेल्ला नावाच्या रानात उगवणाऱ्या वनस्पतीचे बी पोटदुखीवर घेत. त्यातल्या द्रव्याने छातीतली कळही थांबते, हे कैरोत शिकवणाऱ्या ग्लेब अन्रेप यांनी पाहिले. त्या धाग्यावरून बेल्जियमच्या लाबाझ कंपनीत १९६१ मध्ये ॲमिओडॅरोन तयार झाले, तेही छातीदुखीवरचे औषध म्हणून. ते ठोक्यांची लय सांभाळते, हे १९७० च्या सुमारास ऑक्सफर्डमध्ये दाखवले ते फिजीत जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या ब्रम्हा सिंग यांनी. याने माणसे वाचली आहेत. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिएटल परिसरातल्या एका चाचणीत, विजेच्या झटक्यांनाही न जुमानणाऱ्या हृदयबंद रुग्णांपैकी रुग्णालयापर्यंत जिवंत पोचले ते या औषधाने ४४ टक्के, औषधाविना ३४ टक्के. हे औषध वाईट आहे असे कोणी समजू नये. ते कसे दिले जाते, त्यावर सगळे आहे.

नियम सरळ आहे. पहिले १५० मिलिग्रॅम १० मिनिटांत. पुढे ६ तास मिनिटाला १ मिलिग्रॅम. त्यापुढे १८ तास मिनिटाला अर्धा. पहिल्या दिवसाची बेरीज साधारण १०५० मिलिग्रॅम, म्हणजे सात ॲम्प्यूल.

रात्री ९.१०

पहिला डोस गेला. आता पंप. ५० मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये दोन ॲम्प्यूल, म्हणजे ३०० मिलिग्रॅम, डेक्स्ट्रोजमध्ये मिसळून गळ्याजवळच्या मोठ्या शिरेत जोडलेले. मिनिटाला १ म्हणजे तासाला ६० मिलिग्रॅम. या सिरिंजचा हिशेब केला तर पंपावर आकडा हवा १०.

पंपावर पडतो ५०.

असे का होते? दोन खाटांना एकच सिस्टर असते. शेजारच्या पंपावर वेगळे औषध वेगळ्या दाटीने चाललेले असते. एका ठिकाणी ५०० मिलिलिटरच्या बाटलीत औषध मिसळायची पद्धत, दुसऱ्या ठिकाणी ५० च्या सिरिंजमध्ये. जुन्या जागेचा आकडा डोक्यात राहतो. कागदावर ‘ॲमिओडॅरोन इन्फ्युजन’ एवढेच लिहिलेले असते, मिलिलिटर नाही, मिलिग्रॅम नाही. थकलेल्या माणसाने केलेली ही चूक आहे. म्हणूनच पंप लावल्यावर दुसऱ्या माणसाने येऊन आकडा मोठ्याने वाचायची शिस्त चांगल्या आयसीयूत असते.

तासाला ५० मिलिलिटर म्हणजे तासाला ३०० मिलिग्रॅम. त्या दोघांच्या शिरेत गेलेला वेगही हाच.

रात्री १०.१०

पंप वाजतो. सिरिंज संपली. पाच तास पुरायला हवी होती, ती एका तासात संपली. सिस्टर दाराशी येऊन चिठ्ठी देते. मुलगा एव्हाना पोचला आहे, तो खालच्या मेडिकलमधून दोन ॲम्प्यूल आणून देतो. बिल खिशात घालतो.

इथे मला थांबावेसे वाटते. पंपाच्या पडद्यावरचे आकडे घरच्यांना दिसत नाहीत, दिसले तरी कळत नाहीत. पण आपल्याकडे औषधे घरच्यांनाच आणायला लावतात. हा त्रास सगळ्यांनी भोगलेला आहे, आणि त्याच त्रासातून एक हिशेब आपोआप घरच्यांच्या खिशात जमा होत जातो. एका तासात दुसऱ्यांदा तीच चिठ्ठी आली तर विचारता येते.

‘सिस्टर, हे मघाशीच आणलं होतं ना? दिवसाला किती लागतं याचं?’

एवढा प्रश्न पुरे. त्यात भांडण नाही, अविश्वास नाही. पण या रात्री तो कोणी विचारत नाही, कारण पडद्यावर ठोके १५० वरून ११५ वर आले आहेत आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आहे.

रात्री ११.१०

तिसरी चिठ्ठी. बीपी ९२ वर ६०. बाई गुंगीत. ‘आता झोप लागली काकूंना,’ असे सिस्टर सांगते, आणि त्या क्षणी तिला तसे खरेच वाटत असते.

शिरेतल्या ॲमिओडॅरोनने बीपी पडणे ही सगळ्यात जास्त आढळणारी अडचण. चाचण्यांमध्ये १६ टक्के रुग्णांत ती दिसली. वेग जितका जास्त, तितकी ती जास्त. आणि त्यात विद्रावकाचाही हात असतो. यकृताला बहुतेक रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळते, तेही प्राणवायू आधीच कमी झालेले. वर झडपेच्या रुग्णात हृदय मागे रक्त तुंबवून ठेवते, त्यामुळे यकृत आधीच सुजलेले. अशा अवयवाला बीपीची थोडीशी घसरणही महागात पडते. यकृताच्या प्रत्येक लहानशा कप्प्याच्या मध्यभागी एक शीर असते. तिच्या भोवतीच्या पेशींपर्यंत रक्त सगळ्यात शेवटी पोचते, आणि रक्त कमी पडले की आधी त्याच मरतात. दुखत काहीच नाही.

विद्रावकाबद्दल दोन जुन्या गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. १९८४ मध्ये अमेरिकेत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ई-फेरोल नावाचे ई जीवनसत्त्वाचे इंजेक्शन शिरेतून दिले जात होते. त्यातही पॉलिसॉर्बेट होते, भरपूर. यकृत आणि मूत्रपिंडे बिघडून, पोटात पाणी भरून ३८ बाळे गेली, मग ते बाजारातून काढले. दुसरी गोष्ट आपल्या दाराशी घडलेली. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीचे ग्लिसरॉल पोटात जाऊन १४ रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले, आणि त्यावर न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला. ती भेसळ होती, इथे भेसळ नाही, सगळे लेबलवर छापलेले आहे. पण बाटलीत मुख्य औषधाखेरीज काय आहे, याकडे लक्ष देण्याचे भान त्या मृत्यूंनी आपल्याला दिले होते.

मध्यरात्र, १२.१० आणि १.१०

चौथी चिठ्ठी, पाचवी चिठ्ठी. बीपी ८४, मग ७८. एक सलाईन वेगाने जाते. ठोके ९६. लघवीच्या पिशवीतली पातळी तासाभरात हललेली नाही, पण ती कोणी लिहून ठेवलेली नाही.

रात्री १.४०

बीपी ७४ वर ४०. ड्युटी डॉक्टर धावत येतात, पंपाकडे बघतात, आणि तिथेच त्यांच्या ध्यानात येते. पंप बंद. बीपी धरून ठेवणारे नॉरॲड्रिनलिन सुरू. शेवटची सिरिंज अर्धी उरली आहे.

तोवर गेले किती? सुरुवातीचा एक ॲम्प्यूल, मग साडेचार सिरिंजमधले नऊ. एकूण दहा, म्हणजे १५०० मिलिग्रॅम. नियमाने याच वेळेपर्यंत ४२० मिलिग्रॅम जायला हवे होते. विद्रावक गेला तो वेगळाच : ३ ग्रॅम.

पहाटे ४.००

पंप बंद करून सव्वादोन तास उलटले. बीपी ९५. पिशवीत तासाला २० मिलिलिटर लघवी, म्हणजे मूत्रपिंडेही मागे पडली. यकृतात काय चालले आहे, याचा एकही आकडा अजून खोलीत नाही. कावीळ दिसायला वेळ लागतो. डोळे पिवळे झाले नाहीत म्हणून यकृत ठीक, असे पहिल्या दिवशी कधीही समजू नये. त्याआधी बोलतात ते दोन आकडे : रक्त गोठण्याचा आयएनआर आणि साखर.

सकाळी ८.००

राऊंड. बाई हाकेला अर्धवट ओ देतात. साखर ५८. यकृतच साखर साठवते आणि लागेल तशी सोडते, ते काम बंद पडले की अशी घसरते. ग्लुकोज दिले जाते. एलएफटीचे रक्त आत्ता, पहिल्यांदा, जाते.

सकाळी ११.३०

एसजीओटी आणि एसजीपीटी दोन्ही हजारांत. आयएनआर २.८. एसजीपीटी जिथे चाळीसच्या आसपास असायचे तिथे चार हजार.

डॉक्टरांना आता सगळे धुंडाळावे लागते. पावसाळ्यात मुंबईच्या या पट्ट्यात लेप्टो आणि डेंग्यू दोन्हीही यकृताचे आकडे चढवतात. ए आणि ई प्रकारची कावीळ असते, पॅरासिटामॉलचा अतिरेक असतो. पण एका रात्रीत चार हजार आणि हातात ७४ चे बीपी, अशा वेळी बोट औषधाकडेच जाते. मग वाद राहतो : यकृत मेले ते विद्रावकामुळे, की बीपी पडून उपाशी राहिल्यामुळे? वैद्यकीय साहित्यात दोन्ही मते आहेत. पहिल्या मताच्या बाजूने एक ठोस निरीक्षण आहे : इंजेक्शनने यकृत बिघडलेल्या काही रुग्णांना पुढे तेच औषध गोळीतून दिले आणि त्यांनी ते निभावले. गोळीत पॉलिसॉर्बेटचा तो भार नसतो. खाटेशी उभ्या असलेल्या डॉक्टरांना मात्र दोन्ही मतांनी एकच करायचे असते : औषध थांबवा, बीपी सावरा, आयएनआर आणि साखर दर काही तासांनी बघा.

दुपारी ३.००

अँब्युलन्स काशिमीऱ्याहून हायवेला लागते, दहिसर नाक्यापाशी अडकते. सोबतच्या पत्रात लिहिले आहे : ‘एट्रियल फिब्रिलेशन. ॲमिओडॅरोन दिले.’ किती, केव्हापासून, किती वेगाने, काही नाही. मोठ्या रुग्णालयात पोचल्यावर ठोके पुन्हा १३० दिसले तर तिथे कोणी तेच औषध पुन्हा सुरू करू शकते. हा धोका मला मूळ चुकीपेक्षा लहान वाटत नाही.

आयसीयूच्या दारात तिथले डॉक्टर मुलाला विचारतात, ‘इंजेक्शन किती गेलं, काही कल्पना आहे?’

मुलगा खिशातून चुरगळलेली बिले काढतो. ‘सर, पहिल्या एकानंतर पाच वेळा दोन-दोन आणली. शेवटची सिरिंज अर्धी राहिली होती. नऊला सुरू केलं, पावणेदोनला बंद केलं.’

डॉक्टर बिलांवरच्या वेळा वाचतात, मनाशी गुणाकार करतात आणि केसपेपरवर लाल शाईने लिहितात : ॲमिओडॅरोन देऊ नये.

रात्री ९.०० : चोवीस तास

यकृत निकामी, लघवी जवळजवळ बंद, डायलिसिसची तयारी. डायलिसिसने मूत्रपिंडांचे काम चालते. ॲमिओडॅरोन मात्र डायलिसिसने रक्ताबाहेर येत नाही. ते चरबीत आणि अवयवांत शिरून बसते. पुढे काय, हे बाईंच्या यकृतात किती पेशी उरल्या आहेत त्यावर आहे.

नोंदी झालेल्या बहुतेक रुग्णांत औषध वेळेत थांबवले की आकडे झपाट्याने उतरतात आणि रुग्ण घरी जातो. म्हणून १०.१० ची ती दुसरी चिठ्ठी मला या सगळ्या रात्रीत मोलाची वाटते. तेव्हा आकडा दुरुस्त झाला असता तर साडेचारशेच मिलिग्रॅम गेले असते, आणि बीपी अजून शाबूत होते. विद्रावकाचा प्रश्न टाळायचा तर पॉलिसॉर्बेट आणि बेन्झिल अल्कोहोल दोन्ही नसलेले इंजेक्शनही बनते. अमेरिकेने त्याला २००८ मध्ये मान्यता दिली.

गोळी घेणाऱ्यांचे घड्याळ वेगळे आहे. त्यांचे यकृत रात्रीत जात नाही, महिनोन् महिने कुरतडले जाते, आणि सुईने तुकडा काढून पाहिला तर दारूने खराब झालेल्या यकृतासारखे दिसू शकते, थेंबभर दारू न घेतलेल्या माणसातही. गोळी बंद केल्यावर निम्मे औषध अंगातून जायला सरासरी ५८ दिवस लागतात. म्हणून सुरू करताना एकदा आणि मग दर सहा महिन्यांनी एलएफटी; आकडा सामान्याच्या तिपटीवर गेला तर डॉक्टरांशी बोलून डोस कमी किंवा बंद. स्वतःहून मात्र गोळी सोडू नये, ठोके पुन्हा उसळतात. रक्त पातळ करणारी ॲसिट्रॉम किंवा वॉरफरिन सोबत चालू असेल तर तिचा जोर वाढतो, आयएनआर लवकर लवकर बघावा लागतो.

अशा रात्रीची नोंद करायला आपल्याकडे व्यवस्था आहे. भारताचा औषधसुरक्षा कार्यक्रम २०१० पासून सुरू आहे, त्याचे केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे, आणि मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४. डॉक्टर, सिस्टर, औषधविक्रेता, कोणीही कळवू शकतो; रुग्णाच्या घरचेही. सांगायच्या मुख्य गोष्टी : औषधाचे नाव, बॅच नंबर, केव्हा सुरू केले, केव्हा थांबवले, थांबवल्यावर काय झाले. बॅच नंबर मेडिकलच्या बिलावर असतो.